लांडगा, म्हैस आणि देवाच्या दारचा कुत्रा

शनिवार

माझ्या भाचीने मला न विचारता माझे पैसे भरून टाकले होते. शुक्रवारी रात्री ती बंगळुरूहून आली, दोन थालीपिठं खाल्ली आणि हात धुता धुता म्हणाली, "मावशी, उद्या साडेसातला निघायचंय. शमॅनिक जर्नी. तुझंही नाव दिलंय." मला वाटलं ट्रेक असेल. मी माळ्यावरचे बूट काढून ठेवले.

पिरंगुटच्या पुढे एका फार्महाउसच्या हॉलमध्ये आम्ही एकोणीस जण योगाच्या चटयांवर आडवे झालो. डोळ्यांवर पट्ट्या. कसल्याशा पाल्याची जुडी पेटवून सगळ्यांवरून धूर फिरवला. पांढरा सेज, परदेशातून मागवलेला. ऊद का चालला नाही, हे विचारायचा मोह मी आवरला, कारण भाचीने आधीच कोपर मारलं होतं. मग ढोल सुरू झाला. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, चढ नाही, उतार नाही, सम नाही. सूचना अशी की जमिनीत एक भोक शोधा, त्यातून खाली उतरा, आणि जो प्राणी चार वेळा वेगवेगळ्या बाजूंनी समोर येईल तो तुमचा.

मी नेमाने उतरले. मला दिसली म्हैस. कुठली दिव्य वगैरे नाही, साधी, डबक्यात गळ्यापर्यंत बसलेली, शेपटीने माश्या वारणारी. चार वेळा आली का ते सांगता येणार नाही, कारण ती उठलीच नाही.

नंतर गोलात बसून प्रत्येकाने आपापला प्राणी सांगितला. चार लांडगे, तीन गरुड, दोन घुबडं, एक डॉल्फिन, एक पांढरा वाघ. भाची लांडग्यांत होती आणि खूश होती. पाल कुणाला दिसली नव्हती. डुक्कर नाही, कोंबडी नाही, ढेकूण तर नाहीच. सत्र घेणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला एकेक पत्ता दिला: पुढे चित्र, मागे अर्थ. लांडगा म्हणजे नेतृत्व, निष्ठा, स्वतःचा मार्ग. म्हशीच्या पत्त्यावर म्हैसच नव्हती. केसाळ मानेचा, बर्फात उभा असलेला अमेरिकन बायसन होता, मागे 'समृद्धी आणि कृतज्ञता'. मी म्हटलं, आमच्याकडे ही यमाचं वाहन आहे. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, तो तुमच्या मनातला अडथळा आहे.

चिडून आले असं नाही. बाई प्रामाणिक होत्या, जेवणात पिठलं-भाकरी होती, आणि तासभर कुणी फोनला हात लावला नाही हेही काही थोडं नाही. पण रात्री भाची झोपल्यावर मी हे सगळं कुठून आलं ते वाचत बसले.

'शमन', म्हणजे आपल्या भगतासारखा, आत्म्यांच्या लोकी जाऊन येणारा माणूस. हा शब्द सायबेरियातल्या एव्हेंकी लोकांचा. ते रेनडिअर पाळणारे, शिकारीवर जगणारे. तिकडच्या कितीतरी जमातींत शमनाचा ढोल हे वाद्य नव्हे, ते त्याचं घोडं किंवा हरीण. ज्या जनावराचं कातडं त्यावर ताणलंय त्याच्यावर बसून तो वरच्या किंवा खालच्या लोकी जातो. सकाळी ऐकलेली ती मिनिटाला 205 ते 220 ठोक्यांची घाई मात्र मायकेल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाची. तो ॲमेझॉनच्या बाजूच्या शुआर आणि कोनिबो लोकांत राहिला, तिथे शिकला, आणि 1980 च्या सुमाराला त्याने जगभरच्या पद्धतींतला समान गाभा म्हणून एक रीत बांधली, जी कुणालाही दोन दिवसांत शिकता येते. 'पॉवर ॲनिमल', म्हणजे आपला राखणदार प्राणी, हा शब्द घराघरांत पोचवला तो त्याने. पिरंगुटपर्यंत यायला चाळीस वर्षं लागली.

आणि मग एका जागी मी थांबले. सायबेरियातल्याच याकूत लोकांच्या शमनाला एक जनावर-माय असते. ती दडवून ठेवायची, तिचा ठावठिकाणा कुणाला सांगायचा नाही; ती मेली की शमन मेला. वात्स्वाव शेरोशेव्स्की नावाचा पोलिश माणूस झारने हद्दपार केल्यामुळे तिकडे बारा वर्षं राहिला होता, त्याने हे लिहून ठेवलं. वळू, घोडा, एल्क, गरुड ज्याच्या वाट्याला येतो तो बलवान. सगळ्यात अभागी कोण? ज्याला लांडगा, अस्वल किंवा कुत्रा मिळाला तो. ही जनावरं खादाड. शमनाने कितीही केलं तरी त्यांचं पोट भरत नाही. कुत्रा तर त्याचं काळीज कुरतडत राहतो.

सकाळी चहाबरोबर हे भाचीला सांगायचं ठरवून मी झोपले.

रविवार

सांगितलं. तिने टोस्ट बुडवला, तो चहात पडला. मग म्हणाली, "म्हणजे माझा अर्थ चुकीचा छापलाय?" मी म्हटलं, चुकीचा नाही, दुसऱ्या कुणाच्या सोयीने छापलाय. आणि ठरवलं, हिच्याकडे चार दिवस रजा आहे, माझ्याकडे गाडी आहे, तर आपल्याकडचे प्राणी हिला दाखवू. रविवार म्हणजे खंडोबाचा वार. दिवेघाटातून सासवड, तिथून जेजुरी. पन्नास किलोमीटर, आणि हडपसर पार होईपर्यंत त्यातला निम्मा वेळ गेला.

नवलाख पायरी म्हणायची पद्धत आहे. मोजायला गेलात तर चारशेच्या आतच संपतात, पण गुडघे देवाच्याच हिशेबाने चालतात. नवी जोडपी वर चढत होती. नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या तरी चढायच्या. एकाचा बेत तिसऱ्या पायरीवर डळमळला आणि मागून त्याची सासू "दम घ्या, दम घ्या" म्हणत हळदीचा भंडारा त्याच्याच डोक्यावर टाकत होती.

गडावर देवळासमोर पितळेने मढवलेलं ते भलंमोठं कासव. भाची त्याच्यापाशी किती वेळ उभी होती. कासवावर तळी भरणारे पाच-सहा जण ताटाला हात लावून "सदानंदाचा येळकोट" म्हणत ताट उचलत होते, खाली टेकवत होते. कासव सगळं सोसत होतं. देवळात शिरताना दारात भेटतं ते कासवच, पाय आत ओढून घेतलेलं. माझी आई म्हणायची, तसे आपण पाय-डोकं आत घ्यायचे आणि मग देवाकडे जायचं. हा अर्थ मी कुठल्या पत्त्यावर वाचलेला नाही, ठेच लागल्यावर तिने ऐकवलाय.

उतरताना वाघ्या भेटला. साठी उलटलेला, कपाळभर भंडारा, हातात दिमडी, शेजारी तुणतुणंवाला पोरगा. एक पद म्हणून झालं, आम्ही दहाची नोट ठेवली आणि पायरीवरच बसलो. भाचीने विचारलंच, "काका, वाघ्या म्हणजे वाघ ना?"

"वाघ बी हाय आन् कुत्रं बी हाय," तो म्हणाला.

वाघाची गोष्ट अशी की खंडोबाच्या नुसत्या दर्शनाने एका वाघाचा माणूस झाला, तो पहिला वाघ्या. त्याच्या आज्याकडे भंडाऱ्याची पिशवी खऱ्या वाघाच्या कातड्याची होती. आता कापडी. कातडं ठेवलं तर वनखातं देवाआधी दर्शन देतं, हे त्याचंच वाक्य. दिमडीला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, तेही बंद. कुत्र्याची गोष्ट निराळी. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि वाघ्या म्हणजे देवाच्या दारचं कुत्रं. जागरणात कोटंब्यात, म्हणजे वाघ्याच्या भिक्षेच्या पात्रात, दूध-भाकर कुस्करून ठेवतात. वाघ्या भुंकत येतो, गुडघ्या-हातांवर, आणि तोंडाने खातो. कर्नाटकात मैलारकडे याचेच भाऊबंद आहेत, त्यांना वग्गय्या म्हणतात, तेही घोंगडी पांघरून भुंकतात.

"पण तुम्हाला कसं कळलं, तुमचा प्राणी कुत्रा आहे ते?" भाचीने विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे शनिवारचा गोल असणार.

म्हाताऱ्याला प्रश्नच कळेना. "कळायचं काय त्यात? आजीची पोरं जगत न्हवती. तिनं नवस केला, जगंल ते देवाला कुत्रं म्हणून सोडीन. माझा बाप जगला. त्याच्यामागं मी." मग थोडं थांबून, "कुत्रं कुनी हौसंनं व्हतंय का, बाय?"

नवसाच्या या वाटेने मुरळ्याही सोडल्या जात. मुलीला देवाशी लावून द्यायचं आणि पुढे तिचं काय व्हायचं ते गावाने बघायचं. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये त्याला कायद्याने बंदी घातली गेली, तरी चाल लगेच गेली नाही. मी हे भाचीला पायऱ्या उतरता उतरता सांगितलं. आपल्याकडचं दाखवायचं म्हणून आणलं होतं. आपल्याकडचं म्हणजे सगळंच.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "काळीज कुरतडतो तो कुत्रा. याकूतांचा." बाकी सासवडपर्यंत काही बोलली नाही. माझ्या सीटवर अजून भंडारा आहे. तो निघत नाही.

सोमवार

सासवडला नातेवाइकांकडे मुक्काम. सकाळी वीरला जायला निघालो आणि वाटेत मेंढरं आडवी आली म्हणून अर्धा तास थांबलो. या प्रवासातला तो सगळ्यात चांगला अर्धा तास.

धनगराने रात्री एका शेतात मेंढरांची खांड बसवली होती. लेंड्या आणि मुताने जमीन कसदार होते, म्हणून शेतकरी आपणहून बोलावतात. जाळीच्या वाघरात कोकरं कोंडलेली होती, आयांच्या हाका आणि पोरांच्या हाका एकमेकींत मिसळत होत्या, आणि गंमत म्हणजे प्रत्येकीला आपलंच सापडत होतं. घोड्यावर संसार लादलेला: पातेली, एक कोंबडी, सोलरचा दिवा. राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळे बाहेर काढलेला पट्टा.

"हा कशाला?" भाचीने विचारलं.

"लांडग्यासाठी. नरडं धरतोय त्यो."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा प्राणी लांडगा आहे." मी तेवढ्यापुरती गाडीची काच पुसायला लागले.

धनगर हसला नाही. त्याने तिला नीट विचारलं, घरात कुणाचं काही गेलंय का. त्याला वाटलं, लांडग्याने काही नेलं असेल आणि त्यावरून ही बोलत असेल. मग स्वतःचं सांगितलं. गेल्या महिन्यात दोन कोकरं गेली. मारावंसं वाटतं का? वाटतं. पण त्याचा बाप म्हणायचा, लांडगा खांडेतला हिस्सेदार आहे. दहा वाढली तर एक त्याचं. त्याचं त्याला मिळालं नाही तर तो जोरावर नेतो. "आमी बी देवाचा हिस्सा काडतोच की. बिरोबाचा निराळा, लांडग्याचा निराळा." भुकेल्या लांडग्यावर आणि नफ्यावर एकाच आवाजात बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पुढे इंदापूरकडे कडबनवाडीच्या माळावर वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे, तिथे जाऊन लांडगा बघण्याचे पैसे भरावे लागतात. इथे तो न बघण्यासाठी रात्रभर जागावं लागतं.

तो खिळ्यांचा पट्टा माझ्या डोक्यातून गेला नाही. 2025 च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागातून फोटो आले होते: उसाच्या शेतात कामाला जाणाऱ्या बाया, गळ्यात असेच खिळ्यांचे पट्टे. बिबट्याने माणसं मारली होती. म्हणजे कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला, आणि तिथे ना नवस होता ना देव.

वीरचं श्रीनाथ म्हस्कोबाचं देऊळ भर दुपारी शांत होतं. माघी पौर्णिमेला इथे यात्रा भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. शेवटच्या दिवशी मानकऱ्याच्या तोंडून भाकणूक होते, पाऊस कुठल्या नक्षत्राला पडेल, कुठलं धान्य महाग होईल. सोनारीहून हा देव एका कमळाजी नावाच्या धनगराबरोबर आला, अशी कथा. मला इथे यायचं होतं ते माझ्या म्हशीसाठी. म्हसोबा, म्हस्कोबा. देवीने महिषासुर मारला हे आपण नवरात्रात वाचतो, आणि त्याच महिषाला बांधावर, विहिरीवर, पाणंदीच्या तोंडाशी शेंदूर लावून देव म्हणून बसवतो. इतिहासकार दामोदर कोसंबी भांडारकर रस्त्यावरच्या घरातून निघून पुण्याभोवतीच्या अशा देवांचा माग पायी काढत फिरायचे. मूळ गवळ्या-धनगरांचा रेड्याचा देव कुठे देवीच्या पायाखाली गेला आणि कुठे तिचा नवरा झाला, हे त्यांनी दगडादगडाने जुळवलं. वीरला म्हस्कोबाची बायको जोगूबाई, म्हणजे देवीच. मारणारी आणि मेलेला एकाच गाभाऱ्यात नांदतात म्हटल्यावर भाची म्हणाली, "हे मात्र बऱ्याच घरांत असतं."

संध्याकाळी पिंगोरी. जेजुरीजवळचं डोंगराच्या कुशीतलं हे गाव पक्षीवाल्यांना ठाऊक आहे, कारण इला फाउंडेशनने 2018 पासून इथे उलूक उत्सव भरवायला सुरुवात केली. गावातली पोरं घुबडांची चित्रं काढतात, घुबडाचे मुखवटे लावून नाचतात. ज्या पक्ष्याचं नाव शिवीसारखं वापरतात त्याचा उत्सव करायला धाडस लागतं. दिवाळीच्या आसपास करणीसाठी घुबडं मारली जातात, अजूनही. गव्हाणी घुबड हे नाव तरी बघा: गोठ्यातल्या गव्हाणीशी राहणारं, उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य राखणारं. नाव ठेवणाऱ्याला ते घरातलं वाटलं होतं. अपशकुनी कुणी ठरवलं?

अंधार पडताना बाभळीच्या ढोलीतून पिंगळ्यांची जोडी बाहेर आली. मूठभर पक्षी, पिवळे डोळे, आणि भांडण मात्र चाळीतल्यासारखं. आमच्या लहानपणी पहाटे पिंगळा यायचा, पक्षी नव्हे, माणूस. हातात कंदील, कुडमुडं वाजवत. पक्ष्याची भाषा त्याला कळते असं म्हणत. झाडावर पिंगळा काय बोलला ते तो दारात येऊन सांगायचा, आई सुपातून धान्य घालायची. मला त्याची भीती वाटायची, कारण पक्ष्याने माझ्याबद्दल काही सांगितलं तर?

मंगळवार

आज लांब नाही. ओंकारेश्वर.

भाचीला मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, पण पुलाशी आल्यावर ती गप्प झाली, म्हणजे तिला माहीत होतं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना याच पुलावर गोळ्या घातल्या. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरात मंजूर झाला. त्यात एक कलम आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. वारी, कीर्तन, जागरण यांना त्यात कुणी हात लावलेला नाही. मी तिला म्हटलं, जेजुरीचा म्हातारा कोटंब्यात तोंड घालून खातो तेव्हा कुणाचं औषध अडत नाही. ज्या दिवशी तो सर्पदंशावर भंडारा लावून पैसे घेईल, त्या दिवशी मी स्वतः फिर्याद देईन. तिला हे वकिली वाटलं. असेल.

पुलाखाली, देवळाच्या अंगणाला लागून, दहाव्याचे विधी चालतात. पाच-सहा कुटुंबं आपापल्या पिंडांपासून लांब उभी होती आणि सगळ्यांच्या माना वर. तारेवर कावळे. शनिवारच्या पत्त्यांत कावळा होता, मागे 'गूढ शक्ती, परिवर्तन' लिहिलेला. इथे कावळ्याचा अर्थ कुणी विचारत नव्हतं. इथे लोक त्याला हात जोडून काय काय कबूल करत होते. एका घरातला थोरला मुलगा मोठ्याने म्हणाला, "आईचं बघतो. मधल्याशी बोलतो. झालं?" कावळा हलला नाही. मधला बाजूलाच उभा होता.

मी भाचीला तिच्या आजोबांच्या दहाव्याचं सांगितलं. तेव्हा ती दोन वर्षांची. बाबांच्या पिंडाला पाऊण तास कावळा शिवेना. आईला सांभाळू, झालं. बहिणीचं कर्ज फेडू, झालं. काकांनी गावच्या जमिनीचा विषय काढला, तेव्हा तर एक कावळा उडून पलीकडच्या पिंडावर गेला. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले. मी मागे उभी होते. बायकांनी पुढे यायचं तेव्हा फारसं नव्हतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "बाबा, सायकल विकणार नाही."

तिच्यावरून ते तीस वर्षं कचेरीत गेले होते. कावळा आला, भाताचं शीत उचललं आणि गेला.

मला माहीत आहे की घाटावरचे कावळे सकाळी भुकेले असतात आणि अकरानंतर तृप्त. पाऊण तास हा योगायोगाला भरपूर वेळ आहे. हे सगळं मी तेव्हाही जाणत होते, आणि सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. सेक्रेटरींनी दोनदा नोटीस लावली. जागा अडते.

भाची म्हणाली, "ती तुझी सायकल आहे असं मला वाटायचं."

परत येताना पेठेत एका बोळाच्या तोंडाशी म्हसोबा दिसला. हातभर उंच, शेंदराची पुटं चढून त्याला नाक-डोळे काही उरलेले नाहीत, वर लिंबू-मिरची, मागे एका दुकानाचा एसी टपकतोय. मी नारळ घेतला. "नवस फेडायचाय का?" दुकानदाराने विचारलं, म्हणजे त्याला फोडून द्यायचा की नाही ते ठरवायचं होतं. मी म्हटलं, नुसतं. पिरंगुटला दिसलेली ती यांच्यातलीच असेल तर येऊन जावं म्हटलं.

बुधवार

आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय क्वीन्स गार्डनजवळ आहे आणि पुण्यातल्या शंभरातल्या नव्वद जणांनी ते पाहिलेलं नसावं. बोहाड्याचे, म्हणजे आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे बघताना एक शाळेची सहल आली, पोरांनी काचेवर नाकं चपटी केली, आणि शिक्षकांनी "हात लावू नका" एवढं एकच वाक्य चाळीस वेळा म्हटलं.

वाघोबाबद्दल मी भाचीला तिथेच सांगितलं. वारल्यांचा वाघोबा म्हणजे दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, बरोबर चंद्र-सूर्य. रम्या नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई, ठाणे, पालघर भागांत अशी 150 ठाणी नोंदवली, 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला महादेव कोळ्यांत वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस असते: आपण गाय-वासराची पूजा करतो त्या दिवशी गुराखी वाघाची करतात, रानात खीर शिजवतात, एखाद्या पोराला वाघ करून पळवतात. एकाच तिथीला एकाच गाईच्या दोन बाजू. वाघ यात कुणाचा आरसा नाही. तो शेजारी आहे, जरा भांडकुदळ, ज्याच्याशी वर्षातून एकदा तरी बोलणं ठेवलेलं बरं.

सायबेरियात अस्वलाला नावाने हाक मारत नाहीत, आजोबा म्हणतात. आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. हे मी सांगितल्यावर भाचीने विचारलं, "मग लांडग्याला काय म्हणायचं?" तिने पत्ता अजून पर्समध्येच ठेवला होता.

इनामगावची गोष्ट सांगायची राहिली होती, ती जेवताना सांगितली. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे बरीच वर्षं केलं. तिथे एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकण असलेली पेटी निघाली. आत बिनडोक्याची बाई, कच्च्या मातीची, आणि तिच्याबरोबर बैल. बैलाच्या पाठीवर ती बसवता येते अशी घडण. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या झोपण्याच्या जागेखाली ते पुरून ठेवलं. याकूत शमन आपली जनावर-माय दडवतो, तसंच काहीसं. कशासाठी पुरलं, यावर विद्वान बोलतात. ज्या बाईने ते पुरलं तिला कुणी चार शब्दांचा पत्ता मागितला असता तर तिने काय लिहिलं असतं, याचा विचार करत आम्ही दोघींनी मस्तानी संपवली.

रात्री भाचीची बस. स्वारगेटला नेहमीची गर्दी, नेहमीचा उशीर. पायरीवर चढताना ती म्हणाली, "त्या धनगराचा नंबर घ्यायला हवा होता. कोकरांचं पुढे काय झालं कळलं असतं."

गुरुवार

पहाटे सव्वापाचला जाग आली. घर रिकामं झालं की पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही. बाल्कनीत गेले तर समोरच्या गुलमोहरावर पिंगळे. दोनच, पण अख्ख्या सोसायटीची मीटिंग चालल्यासारखे. चिरिर्र, चिरिर्र, मग दोघंही एकदम.

खाली पार्किंगमध्ये वॉचमन सायकलीशेजारी खुर्ची टाकून बसला होता. नांदेडकडचा माणूस, गोधडीतून फक्त नाक बाहेर.

"काय म्हणतायत हो?" मी वरून विचारलं.

त्याने वर पाहिलं, ऐकल्यासारखं केलं. त्याच्या गावी पिंगळा यायचा, मला नंतर कळलं.

"म्हणतायत, आज गुरुवार, पाणी बंद. भरून ठेवा."

मी आत जाऊन बादल्या लावल्या.